स्वस्ताई आणि काटकसर

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात व विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. मी जुना अकरावी मॅट्रिक; सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेला. थोर ग्रंथांचे दाखले देऊन बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु शिंप्याच्या घरी जन्मल्यामुळे वस्तू उलटी करून पाहण्याची, आणि मास्तरकी केल्यामुळे हिशेब मांडून पाहण्याची, अशा दोन सवयी मला लागल्या आहेत. त्या दोन सवयींच्या बळावर आज मी चपला, दप्तरे, पंखे, साबण असल्या रोजच्या वापरातील वस्तूंविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटल्यास त्यांनी थोडा धीर धरावा. कारण या विषयाच्या ओघात मला आपणांपुढे एक कबुली द्यावयाची आहे.

आमचे वडील गावात शिवणकाम करीत. दुकान म्हणजे ओसरीवरचे एक यंत्र, कापड बेतावयाची एक फळी आणि भिंतीला टांगलेला गज. कोणी बाजारातून तयार कपडा आणून त्यांना दाखवी, तेव्हा ते त्याची वरची बाजू पाहतच नसत. कपडा उलटा करून प्रथम शिवण पाहत. आत माया किती ठेवली आहे, इंचात टाके किती पडले आहेत, दोरा कसा आहे, काजाच्या कडा नीट भरल्या आहेत की नाहीत, एवढे पाहून ते सांगत की हा सदरा सहा महिन्यांचा आहे की तीन वर्षांचा. चांगल्या सदऱ्याला इंचात बारा-चौदा टाके पडतात. घाईच्या कामात सात-आठ टाक्यांवर भागवितात. दोन्ही सदरे दुकानात सारखेच टांगलेले असतात, दोन्हींची इस्त्री सारखीच कडक असते. फरक कळतो तो चार धुण्यांनंतर, आणि तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

माया हा आपल्या धंद्यातला शब्द येथील लहान मुलांना कदाचित ठाऊक नसेल. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवावी आणि कपडा सैल करावा, एवढ्यासाठी ती सोय असते. वस्तू स्वस्त करावयाची ठरली म्हणजे पहिल्यांदा जाते ती ही माया. वरून काहीच दिसत नाही. पण पुढच्या वर्षी तो कपडा पोराच्या अंगाला होत नाही. वडील नेहमी म्हणत, "कापड साधे चालेल, दोरा साधा चालणार नाही." गिऱ्हाइकाची ऐपत नसेल तर भारी कापड घेऊ नये, यात कमीपणा काही नाही; परंतु जो दोरा सगळा कपडा धरून ठेवतो त्यात चार पैसे वाचविणे म्हणजे सगळे कापडच वाया घालविणे होय.

आपण संत नामदेवांचे नाव सांगणारे लोक आहोत. त्यांची पदे शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झालेली आहेत, आणि त्या पदांत शिंप्याचा गज, कात्री, सुई यांचे दृष्टांत आहेत. ज्या समाजातील संताने परमार्थ सांगतानाही आपली हत्यारे हातातून खाली ठेवली नाहीत, त्या समाजाला चांगले काम आणि निकृष्ट काम यांतील भेद दुसऱ्याने शिकवावयास नको. तरीही आज तो भेद आपण विसरत चाललो आहोत. शिवणारे म्हणून विसरलो नसू, पण विकत घेणारे म्हणून खास विसरलो आहोत.

आता हिशेबाकडे वळू. स्वस्ताई आणि काटकसर या दोन गोष्टी आपण एकच समजतो, ही पहिली चूक. दुकानदाराच्या हाती कमीत कमी पैसे ठेवणे ही स्वस्ताई. वर्षअखेर घरातून कमीत कमी पैसे बाहेर जाणे ही काटकसर. या दोहोंची पुष्कळदा गाठच पडत नाही. विद्यार्थी मित्रांनो, गणित सोपे आहे. वस्तूची किंमत घ्यावी आणि ती जितके महिने टिकली त्या संख्येने तिला भागावे. दीडशे रुपयांची चपल पाच महिन्यांत झिजली, तर ती महिना तीस रुपयांना पडली. सहाशे रुपयांची चपल अडीच वर्षे चालली, तर ती महिना वीस रुपयांना पडली. म्हणजे महाग चपल स्वस्त, आणि स्वस्त चपल दीडपट महाग.

हे उदाहरण मी हवेतले घेतलेले नाही. आमच्या घरच्या मंडळींनी काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी चांगल्या तळव्याची चपल मागितली होती. जुनीचा तळवा झिजून गुळगुळीत झाला होता. मी निवृत्तिवेतनाचा हिशेब पुढे केला आणि आठवडे बाजारातून दीडशे रुपयांची चपल आणून दिली. तिचा तळवा नवेपणीच काचेसारखा होता. आषाढातल्या एका सकाळी त्या पायरीवरून घसरल्या आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. इस्पितळाचे बिल मी येथे सांगत नाही. त्या सहा आठवड्यांत भाकरी थापण्याचा प्रयत्न मी केला, आणि त्यांनी एका शब्दानेही मला बोल लावला नाही, एवढेच सांगतो. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागतो असे आपण हसत हसत म्हणतो. मला तो मसाला पुरता ठाऊक झाला.

तात्पर्य, कोणत्या वस्तूला अधिक पैसे मोजावे आणि कोणत्या वस्तूला मोजू नयेत, याचा विवेक प्रत्येक घरात असावयास हवा. मी माझ्यापुरता जो नियम केला आहे तो आपणांपुढे ठेवतो.

पहिला वर्ग जिवाशी गाठ असलेल्या वस्तूंचा. येथे घासाघीस करूच नये. उदाहरणार्थ, दुचाकीवर घालावयाचे हेल्मेट. त्याचे खरे काम वरचे चकचकीत कवच एकटे करीत नाही. आत जो थर्मोकोलसारखा जाड थर असतो, तो आघाताच्या वेळी स्वतः दबतो आणि डोक्याला बसणारा धक्का कमी करतो. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या स्वस्त टोपीत पुष्कळदा पातळ प्लॅस्टिक आणि आत नुसता स्पंज असतो. ती पोलिसापासून वाचवील, पण दगडापासून वाचविणार नाही. चांगल्या हेल्मेटलाही एकदा जबर आघात बसला म्हणजे ते बदलावे लागते, कारण आतला थर दबला तो पुन्हा फुगत नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह कायद्याने सक्तीचे आहे. ज्या बापाने मुलाला लाख रुपयांची मोटारसायकल घेऊन दिली, त्याने हेल्मेटात पाचशे रुपये वाचवावेत, याला काटकसर कसे म्हणावे?

तीच गोष्ट गॅसच्या नळीची आणि विजेच्या तारेची. तारेच्या विणीची जी मजबूत नळी गॅस एजन्सीकडून मिळते, तिचेही आयुष्य पाच वर्षांचे धरलेले असते. आपल्यापैकी किती जणांनी घरची नळी केव्हा बदलली, हे मनातल्या मनात आठवून पाहावे. प्रेशर कुकर चांगल्या प्रतीचा घ्यावयाचा आणि पुढे त्याची रबरी कडी व सुरक्षा झडप मात्र मिळेल ती बसवावयाची, हाही असाच प्रकार. विजेचे म्हणाल तर पाणी तापविण्याचा दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. स्वस्त वायरीत तांबे कमी आणि प्लॅस्टिक जास्त असते. तांब्याची तार जितकी बारीक तितका तिचा विरोध अधिक, आणि जितका विरोध अधिक तितकी ती तापते. वरचे प्लॅस्टिक मऊ पडते, जळका वास येतो. आपण खिडकी उघडतो आणि विसरून जातो. आगी लागतात त्या अशा वासांतून.

गंमत अशी, की सोने घेताना आपण फार सावध असतो. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या खुणेवाचून हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, हे आपल्या भगिनींना तोंडपाठ आहे. सराफाचे भिंग मागून घेऊन त्या ती खूण पाहतात. तेच भिंग कोणी कुकरवरील किंवा वायरीवरील चिन्हावर धरलेले मी अजून पाहिले नाही. सोने खोटे निघाले तर पैसे जातील; वायर खोटी निघाली तर घर जाईल. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. पुढे १९८७ साली तिची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली, पण आयएसआय हे चिन्ह तेच राहिले. या चिन्हाच्या वर त्या वस्तूच्या मानकाचा क्रमांक असतो, आणि खाली सीएम-एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो. म्हणून क्रमांक पाहावा. बीआयएस केअर नावाचे सरकारी अ‍ॅप आहे. त्यात तो परवाना क्रमांक घातला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही हे कळते. आपल्या नातवंडांना हे दोन मिनिटांचे काम आहे. दिवसभर मोबाईल हातात असतोच. एकदा आजीच्या कुकरसाठीही तो वापरावा.

दुसरा वर्ग, जी वस्तू विकत घेतल्यानंतरही रोज पैसे खात राहते तिचा. छताचा पंखा घ्या. जुन्या पद्धतीचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी म्हणून जो नवा पंखा मिळतो तो सुमारे ३० वॅटवर चालतो. फरक ४५ वॅटचा. पंखा रोज बारा तास आणि वर्षातून तीनशे दिवस चालला असे धरू. ४५ गुणिले १२ म्हणजे ५४०, त्याला गुणिले ३००, म्हणजे १,६२,००० वॅट-तास. अर्थात १६२ युनिट. युनिटचे सरासरी आठ रुपये धरले तर वर्षाला १,२९६ रुपये वाचले. नवा पंखा दीड हजार रुपयांनी महाग असला, तरी ही जादा रक्कम साधारण चौदा महिन्यांत भरून निघते. पुढची सारी वर्षे नफ्याची. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांची खूण सक्तीची आहे. तारे मोजणे आपणां सर्वांना येते.

तिसरा वर्ग, जी वस्तू अंगाला लागते आणि हळूहळू संपते तिचा. येथे किंमत पाहून फसण्याचा संभव दोन्ही बाजूंनी आहे. साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत टीएफएम म्हणून एक आकडा असतो. साबणात तेला-चरबीपासून आलेला खरा अंश किती, हे तो सांगतो. पहिल्या प्रतीच्या साबणात हे प्रमाण निदान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीच्या साबणात ७० आणि तिसऱ्या प्रतीच्या साबणात ६० टक्के असावे लागते. ज्यावर बेदिंग बार असे लिहिलेले असते त्यात ते ४० टक्क्यांपर्यंतही खाली असू शकते. प्रमाण कमी म्हणजे भरताड अधिक. अशी वडी दाणीत लौकर विरघळते. मौज ही, की सुवासिक, रंगीत आणि जाहिरातीत नटीच्या हातात दिसणारी वडी कधी कधी बेदिंग बार निघते, आणि तिच्या शेजारी साध्या कागदात असलेली स्वस्त वडी पहिल्या प्रतीची निघते. तेव्हा महाग ते चांगलेच असेही समजू नये.

आणि म्हणून चौथा वर्गही सांगितला पाहिजे, जेथे जास्त पैसे मोजणे हा निव्वळ भोळेपणा आहे. औषधाचे उदाहरण घ्या. डॉक्टरांना विचारून, तेच औषध मूळ नावाने जनऔषधी केंद्रातून घेतल्यास पुष्कळ स्वस्त पडते. ही योजना २००८ पासून चालू आहे. मिठाचेही तसेच. साधे आयोडीनयुक्त मीठ असताना गुलाबी मिठाला अनेक पट दाम देण्यात स्वयंपाकाचे काही हित नाही. उलट आयोडीन गमावण्याचा संभव आहे. सदऱ्याच्या छातीवर एखाद्या प्राण्याचे चित्र भरले म्हणून तो दुप्पट टिकत नाही. नावाला पैसे देणे ही हौस आहे. हौसेला मोल नसते हे मला मान्य. मात्र तिला हौसच म्हणावे, गुणवत्ता म्हणू नये. वडिलांची कसोटीच येथे उपयोगी पडते: वस्तू उलटी करून शिवण पाहावी. चपलेचा तळवा वाकवून पाहावा, पिशवीचा पट्टा ओढून पाहावा, वायरीवर छापलेला आकडा वाचावा, वेष्टनाची मागची बाजू वाचावी. पुढची बाजू विकणाऱ्याने लिहिलेली असते. मागची बाजू पुष्कळ अंशी कायद्याने लिहावयास लावलेली असते.

आता ती कबुली.

तीन वर्षांपूर्वी याच समारंभात आपण १८० विद्यार्थ्यांना दप्तरे वाटली. खरेदी-समितीत तिघे होते; त्यांतला एक मी. दोन दरपत्रके आली. एक दप्तर २१० रुपयांचे, दुसरे ३९० रुपयांचे. दोन्ही नमुने माझ्यापुढे टेबलावर ठेवले होते. मी सवयीने दप्तरे उलटी केली. दुसऱ्याच्या पट्ट्याला आतून जाड पट्टी लावून चौकोनी टीप आणि मधून फुली घातली होती. पहिल्याच्या पट्ट्याला एकच सरळ टीप होती, टाके लांब होते, आणि माया सुताएवढी. शिंप्याच्या मुलाला हे समजले नाही असे मी म्हणू शकत नाही. मला त्याच क्षणी समजले, की वह्या-पुस्तकांचे ओझे हा पट्टा चार महिन्यांपेक्षा अधिक पेलणार नाही. परंतु समितीत कोणी म्हणाले, "मास्तर, बत्तीस हजार चारशे रुपये वाचतात." मी मान डोलावली. सभेत माझ्या काटकसरीचे कौतुक झाले, आणि मी ते स्वीकारले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी बसथांब्यावर आपल्याच समाजातील एक मुलगी भेटली. तिच्या पाठीवर आपलेच दप्तर होते. समाजाचे नाव त्यावर ठळक छापलेले होते. दोन्ही पट्टे उसवलेले, आणि तिच्या आईने ते जुन्या पँटच्या कापडाची पट्टी लावून हाताने पुन्हा शिवलेले. टाके इतके बारीक आणि सारखे होते, की मी ते पाहतच राहिलो. मुलगी मला नमस्कार करून म्हणाली, "गुरुजी, आईने आता पक्के केले आहे." त्या माउलीने रात्री दिव्याखाली बसून जे काम केले, ते आपण देणगीदारांचे पैसे खर्चून टाळले होते. समाजाचे नाव वर आणि उसवलेली शिवण खाली, असे ते दप्तर मुलांनी वर्गात मिरविले. ज्यांना घरी दुसरे दप्तर घेता आले त्यांनी ते टाकून दिले. ज्यांना घेता आले नाही, त्यांनी ते पोटाशी धरून शाळा गाठली.

गणित करू. २१० रुपये भागिले चार महिने, म्हणजे महिना साडेबावन्न रुपये. ३९० रुपयांचे दप्तर शाळेची तीन वर्षे, म्हणजे तीस महिने, सहज टिकले असते. महिना तेरा रुपये. मी बत्तीस हजार चारशे रुपये वाचविले नाहीत. दिलेले सदतीस हजार आठशे रुपये पाण्यात घातले. आणि त्याच समारंभात शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे आणि दारावरचे रंगीत फलक यांवर चाळीस हजारांहून अधिक खर्च झाला होता. पैसे नव्हते असे नाही. ते कोठे खर्चावयाचे हे आपण चुकीचे ठरविले, आणि ज्याला ठाऊक होते तो गप्प बसला. ज्या कुटुंबांत ती दप्तरे गेली, त्यांपैकी कित्येक येथे बसली आहेत. त्यांची मी मनापासून क्षमा मागतो.

आता आपणांपैकी कोणी मनात म्हणत असेल की, मास्तर, हे सारे खरे. पण ज्याच्या खिशात आज दोनशेच रुपये आहेत त्याने काय करावे? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दाही हाच आहे. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. त्याला अक्कल कमी पडत नाही, पहिली रक्कम कमी पडते. सहाशेची चपल पुढे स्वस्त पडेल हे त्यालाही दिसते. परंतु आज सहाशे नाहीत, म्हणून तो दीडशेची घेतो, आणि पाच महिन्यांनी पुन्हा दीडशे जमवितो. अशा माणसाला गुणवत्तेवर व्याख्यान देणे ही त्याची थट्टा आहे. त्याला हवा असतो तो त्या पहिल्या पायरीवर हात.

आपल्याच धंद्याचा इतिहास पाहा. शिवणयंत्र निघाले तेव्हा ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. १८५६ साली अमेरिकेत सिंगर यंत्राच्या कंपनीने ते हप्त्याने देण्याची पद्धत सुरू केली, आणि ते साध्या घरांत शिरले. आमच्या वडिलांचे यंत्रही हप्त्यांवर घेतलेले. त्यांना एक जुने, खडखडणारे यंत्र रोखीने मिळत होते. ज्ञातीतील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "नवे घे, मी जामीन राहतो." त्या यंत्रावर आम्हा चार भावंडांचे शिक्षण झाले. आजही ते आमच्या घरी चालते. सूनबाई त्यावर नातवंडांचे कपडे दुरुस्त करतात. वडिलांच्या कष्टांइतकाच त्या एका जामिनाचा आमच्या घरावर उपकार आहे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी की, समाजाने कोणतीही वस्तू विकत घेताना नुसते कमी दराचे पत्रक पाहू नये. नमुना उलटा करून पाहावा आणि तो किती महिने टिकेल हे दरासमोर लिहावे. या कामी आपल्या समाजात कारागिरांची वाण नाही. वयोवृद्ध शिंप्यांपैकी एकाला तरी समितीवर घ्यावे, आणि त्याने गप्प बसू नये.

दुसरी सूचना म्हणजे दप्तरे बाहेरून घेऊच नयेत. आपल्या कित्येक भगिनी घरी शिवणकाम करतात. समाजाने चांगले जाड कापड, पक्का दोरा आणि मजबूत चेन आणून द्यावी, आणि रास्त मजुरी देऊन दप्तरे शिवून घ्यावी. शालींचा खर्च वगळला तर हे सहज जमेल. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मजुरीत आपण घासाघीस केली तर शिवणारी बाई टाके लांब घालील आणि माया कापील. तो तिचा दोष नसेल, आपला असेल. गिऱ्हाईक स्वस्ताईच्या मागे लागले की प्रथम कारागिराची मजुरी कापली जाते, मग शिवण, आणि शेवटी ते नुकसान गिऱ्हाइकाच्याच घरी परत येते. तयार कपड्यांच्या दुकानांपुढे आपली दुकाने का बंद पडली असे आपण हळहळतो; पण आपल्यापैकी किती जण आपल्याच माणसाकडे पुरी मजुरी देऊन कपडा शिवतात?

तिसरी सूचना बिनव्याजी फिरत्या निधीची. ज्या कुटुंबाला शिवणयंत्र, कुकर, पंखा, हेल्मेट किंवा घरातील वायरिंग चांगल्या प्रतीचे घ्यावयाचे आहे, पण एकरकमी पैसे नाहीत, त्याला निधीतून रक्कम द्यावी आणि त्याने ती दहा हप्त्यांत फेडावी. हे दान नव्हे. म्हणून घेणाऱ्याने संकोच करू नये आणि देणाऱ्याने नाव लावू नये. परतफेड झाली की तीच रक्कम पुढच्या घरी जाईल. एका जामिनाने एक घर उभे राहिले. दोन-तीनशे कुटुंबांचा समाज एकमेकांना जामीन राहिला, तर किती घरांचे भले होईल याचे गणित मी विद्यार्थ्यांवर सोपवितो. या निधीची पहिली वर्गणी म्हणून दहा हजार रुपये मी आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहे. ही देणगी समजू नये. माझ्या चुकीची ती थोडीशी फेड आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. उद्या तुम्ही कमवू लागाल. तेव्हा थोड्या वस्तू घ्या, पण चांगल्या घ्या. घेतलेल्या वस्तूची निगा राखा. उसवली तर शिवा, बिघडली तर दुरुस्त करा. आणि जे काम कराल, मग ते सुईचे असो, लेखणीचे असो वा संगणकाचे असो, त्याच्या आतल्या बाजूला थोडी माया राखून ठेवा. तुमचे काम कोणी उलटे करून पाहिले, तर त्याला तेथे पक्की शिवण दिसावी.